दशमीचा पट पंधरा तारखेला

भातकुली, पौष शुद्ध पंचमी, शके १७८६

चिरंजीव सहदेव, तुझी आजी पार्बताबाई हिचा आशीर्वाद घे, आणि त्यासोबत थोडा रागही पाठवते आहे, तोही घे.

पत्र वामनराव पंतोजी लिहीत आहेत. मी बोलते वऱ्हाडी आणि ते लिहितात शुद्ध. मी ‘मले’ म्हटलं की ते ‘मला’ लिहितात. तेव्हा वाचताना आजी पुण्याची झाली असं समजू नको. माझा आवाज तुला ठाऊक आहे, तो वरून घालून घे.

माघ शुद्ध दशमीचा पट, आपली बैलांची शर्यत, महिन्यावर आला. तुला सगळं माहीत आहे, पण वामनराव गावात नवे आहेत आणि लिहिता लिहिता विचारतात, म्हणून त्यांना सांगते, तूही ऐक. शके १७३९ ची दशमी. मी बारा वर्षांची, घरात नवी सून. पेंढारी आले म्हणून आरोळी झाली. तुझ्या पणज्याने बंडीला जोडी जुंपली, बायका-लेकरं आत कोंबली, देवीचा मुखवटा माझ्या मांडीवर दिला आणि बंडी जी सोडली ती अमरावतीच्या परकोटाच्या आत जाऊन थांबवली. मागून गावच्या बाकीच्या बंड्या. पेंढाऱ्यांची घोडी मागे पडली, असं तुझा पणजा मरेपर्यंत सांगत होता. मी त्या बंडीत होते. घोडी आमच्या मागे आलीच नव्हती. पेंढारी पंजाबरावच्या, म्हणजे पटात आपल्याशी चुरस करणाऱ्याच्या, आज्याच्या घरात गूळ खात बसले होते. पण हे तू कोणाला सांगू नको. वामनराव, तुम्हीही नाही.

तेव्हापासून दर दशमीला बैलांचा पट. जो जिंकेल त्याची बंडी पुढच्या हंगामात गावच्या कापसाच्या बंड्यांपुढे अमरावतीला जाणार, आणि त्या जोडीला पटात हरवल्याशिवाय तो मान दुसऱ्याला घेता येत नाही. हा मान सात वर्षं आपल्या घरात आहे. पण ज्याच्याकडे मान आहे त्याची जोडी तीन पट उतरली नाही, तर मान देवीच्या ओट्यावर परत जातो आणि चिठ्ठी टाकून कोणालाही देतात. तू अकोल्याला गेल्यापासून दोन पट हुकले. हा तिसरा.

हरण्या-गेंद्या तुझ्या हातचे बैल. दुसऱ्याचं ऐकत नाहीत. परवा तुझ्या बापाने, नत्थुजीने, धुरेवर हाकायला बसून पाहिलं. त्याच्या वजनाने बंडी मागून उचलली गेली आणि बैल शेजारच्या वावरातली तूर खात उभे राहिले.

तेव्हा दशमीला ये. नाही म्हणायचं असेल तर स्वतः येऊन म्हण.

———

अकोला, ता. ८ जानेवारी १८६५

आजी, तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून सांगतो, कठीण आहे.

इथे कापसाने वेड लागायची पाळी आली आहे. मी जुन्या शहरातून सकाळी मोर्णा ओलांडून कापसाच्या पेढीवर येतो तेव्हा नदीपर्यंत बंड्यांची रांग असते आणि परत जातो तेव्हा ती तेवढीच असते. अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर सगळ्या जगाला आपलाच कापूस हवा. पेढीच्या इंग्रज साहेबाने सांगून टाकलं आहे की चैत्रापर्यंत कोणाला सुट्टी नाही. लग्न असो, मयत असो.

पण एक वाट आहे. साहेबाच्या खोलीत भिंतीवर तारखांचा छापील कागद आहे. प्रत्येक तारखेखाली लिहिलेलं, की ह्या दिवशी इतक्या वर्षांपूर्वी अमकी लढाई जिंकली, तमका राजा जन्मला, अमक्या शर्यतीत तमका घोडा पहिला आला. तो रोज सकाळी आधी तो कागद वाचतो, मग आमच्याकडे बघतो. मागच्या आठवड्यात त्याच्या गावच्या कोणत्याशा होडीच्या शर्यतीला पंचवीस वर्षं झाली, तर आम्हाला दुपारनंतर घरी सोडलं. आम्ही होडी पाहिली नाही की ते गाव. तरी उभं राहून टोप्या काढल्या.

मी धीर करून म्हटलं की आमच्या गावीही असा एक दिवस आहे. तो खुर्चीतून पुढे सरकला. म्हणाला, “त्या दिवशी काय काय झालं, सगळं लिहून आण. मोठा दिवस असेल तर सुट्टी देतो.”

तेव्हा दशमीला आजवर काय काय घडलं ते सांग. जरा भरगच्च असू दे.

———

भातकुली, पौष वद्य प्रतिपदा

सहदेवा, तिळगूळ सोबत आहे. अर्धा डाकवाल्याने खाल्ला तर उरलेल्या अर्ध्यासारखं गोड बोल.

साहेबासाठी लिही. माघ शुद्ध दशमीला पेंढाऱ्यांपासून गाव वाचलं. एक. ह्याच दिवशी भातकुलीच्या पहिलवानाने एलिचपूरच्या पहिलवानाला धोबीपछाड घालून चीत केलं, आणि हरलेला उठून आधी विचारता झाला की जेवायला काय आहे. ह्याच दिवशी इनायतुल्ला पिंजाऱ्याच्या बापाने एका दिवसात एवढा कापूस पिंजला की संध्याकाळी त्याला त्याच्यातून ओढून काढावं लागलं. इनायतुल्ला म्हणतो दशमी नव्हती, नवमी होती. पण एका दिवसासाठी साहेब काय भांडेल?

अजून लिही की ह्याच दिवशी वऱ्हाडात इंग्रजाचं राज्य आलं. वामनराव थांबले. म्हणतात, तसं नाही. मी म्हटलं, “तुमी लिहा ना बाप्पा! त्यालेच बरं वाटन.”

आणि ह्याच दिवशी तू जन्मलास. हो, आषाढात जन्मलास ते मला माहीत आहे, छप्पर गळत होतं आणि सुईणीच्या डोक्यावर टोपली धरली होती. पण माणूस एकदाच जन्मला पाहिजे असं कुठे लिहिलं आहे?

पंजाबराव काल ओट्यावर आला होता. मला म्हणतो, “काकू, पोट्टा येऊन राह्यला का? तुमची जोडी उतरली नाई तर मी हरवू कोनाले?” चिठ्ठीत मान निघाला तर त्यालाही मिळेलच असं नाही. त्याला तो पटात जिंकून घ्यायचा आहे. गूळ खाणाऱ्यांच्या यजमानाचा नातू, पण माणूस सरळ आहे.

———

अकोला, ता. २० जानेवारी

आजी, घात झाला. शांतपणे ऐक.

साहेबाने यादी दोनदा वाचली. वऱ्हाडात इंग्रजी राज्य कधी आलं ते त्याच्या कागदावर आहे, मे महिन्यात. त्याने विचारलं, “तुझ्या आजीला मे महिना ठाऊक नाही का?” मग पेढीच्या वहीत माझा जन्म काढून पाहिला. आषाढ. तोही खोडला. पिंजाऱ्याला हसला, पण ठेवला. पहिलवान आवडला. आणि पेंढाऱ्यांपाशी आला तेव्हा उठून उभाच राहिला. म्हणाला, “हा खरा दिवस! कोणत्या साली?” मी शक सांगितला. त्याने जुन्या शहरातला जोशी बोलावला, दोघांनी मिळून जुनी पंचांगं उलगडली आणि शेवटी साहेबाने टेबलावर हात आपटला. ती दशमी इंग्रजी १८१८ सालच्या फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला आली होती.

त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या कागदात पंधरा तारखेखाली भातकुलीचं नाव लिहिलं आणि मला त्या दिवसाची, येण्याजाण्याचे दिवस धरून, सुट्टी दिली.

ह्या वर्षी दशमी सहा तारखेला आहे.

मी सांगून पाहिलं की आमचा दिवस तिथीने चालतो. तो म्हणाला, “दरवर्षी जागा बदलतो तो दिवस कसला?” सहा तारखेला त्याच्या कागदावर काही नाही. सहाला सुट्टी नाही.

———

भातकुली, पौष वद्य द्वादशी

सहदेवा, तुझ्या साहेबाला सांग की रात्री एकदा वर बघ. चंद्र वाढतो, चंद्र सरतो, आंधळ्यालाही विचारून कळतं की आज दशमी आहे की पुनव. त्याची पंधरा तारीख आभाळात कुठे दिसते ते मला दाखव म्हणावं.

वामनराव म्हणतात एवढं लिहू नये, नोकरीचा प्रश्न आहे. त्यांनी अर्धं गाळलं असेल. मला वाचता येत नाही ह्याचा ते फायदा घेतात.

मी रागावले नाही. तुझा बाप रागावला. तो म्हणतो, मान गेला तर गेला. त्याचं काय, त्याला बंडीत मागे झोपून जाता आलं म्हणजे झालं. मी त्या बंडीत मुखवटा धरून बसले होते. आपल्या पुढे कोणी नव्हतं, नुसता रस्ता होता. आता माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणाच्या धुरळ्यात आपली बंडी जाणार असेल, तर हे डोळे आधी मिटले तर बरं. हे लिहा वामनराव, असंच लिहा. पोराला जरा लागलं पाहिजे.

बघते काय करता येतं ते.

———

अकोला, ता. १ फेब्रुवारी

आजी, ठरवलं. मी येतो. सुट्टी नसली तरी येतो.

इथला जहीर गाडीवान तीन तारखेला अमरावतीकडे निघतो आहे, त्याच्यासोबत बसतो. दशमीला सकाळी पटावर. नोकरी गेली तर गेली. तुझं मागचं पत्र वाचून मला दोन दिवस झोप नाही. तुला तेच हवं होतं ना?

कोणाला सांगू नको. पेढीवर कळलं तर इथेच धरून ठेवतील. ह्या पत्राचं उत्तर पाठवू नको, मी वाटेत असेन.

———

भातकुली, माघ शुद्ध षष्ठी

सहदेवा, धावत्या डाकेने पाठवते आहे. सगळं काम सोडून वाच आणि वाचून उडी मार.

काल पंच देवीच्या ओट्यावर बसले. मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, पट पंधरा तारखेला घ्या. सगळे असे बघायला लागले जसं मी देवीला साडी सोडून झगा घालायला सांगते आहे. एक जण म्हणाला, “दशमी सोडून पट? काकू, तिथी मोडन ना!”

मी विचारलं, “पेंढारी तिथी पाहून आले होते का?”

 मी म्हटलं, देवीची पूजा दशमीला करा, ती तिची तिथी आहे. पण बैल कुठे उपास करतात? आणि आज गावात धुरेवर बसणारे उरलेत किती? निम्मी पोरं अकोल्याला कापूस दाबून राहिली, निम्मी आगगाडीच्या लोखंडी रस्त्यावर माती टाकून राहिली. दशमीला पट घेतला तर बैल आणि म्हातारे एवढेच येतील.

तेव्हा पंजाबराव उठला. म्हणाला, “काकूची जोडी येत असन तर मी कोनत्याबी दिवशी तयार हाओ. मले मान पायजे, तिथी नाई.” झालं. पूजा दशमीला, पट पंधराला.

आता तुझ्या साहेबाची सुट्टी घेऊन, मानाने, टोपी घालून ये.

———

अकोला, ता. ९ फेब्रुवारी

आजी, तुझं पत्र काल हाती आलं. पंचांना तू वळवलंस हे वाचून जुन्या शहरातले सगळे खूष झाले, मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

पण माझं येणं होत नाही. हंगाम फार आहे. साहेबाने पंधराची सुट्टी रद्द केली. दशमीलाही मी निघू शकलो नाही, इथेच होतो, काम होतं. मागच्या पत्रात उगाच काहीतरी लिहिलं, ते मनावर घेऊ नको.

हरण्याला डाव्या बाजूने थोपट, तो उजव्या बाजूने बिचकतो.

———

अकोला, ता. १५ फेब्रुवारी

आजी, खोटं लिहिलं होतं. आज राहवत नाही.

मी दशमीला आलो होतो. उजाडता शिवेवर उतरलो. पटाची जागा मोकळी, माणूस नाही, बैल नाही, एक कुत्रं तेवढं. पलीकडे आपल्या दारात इनायतुल्लाचाचा कापूस पिंजत बसला होता. मला बघून हसत सुटला. “अरे सहदेव! पट तं पंधराले हाये. तुह्या आजीनंच तं हलवला!”

 हिशेब केला, की आत्ता असाच परत फिरलो आणि आठ तारखेला पेढीवर उभा राहिलो, पोट दुखत होतं म्हणालो, तर साहेब मानेल आणि पंधराची सुट्टी वाचेल. घरी आलो असतो तर तू सोडलं नसतंस. म्हणून शिवेवरूनच फिरलो. धूर दिसत होता आपल्या घरचा.

साहेबाने मानलं नाही. न सांगता गेलो म्हणून सुट्टी काढून घेतली. वरून म्हणाला, “कागदावर काहीच नसलेल्या दिवशी गेलास!”

आणि आज सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना ओळीने उभं केलं. भिंतीवर बोट ठेवून भातकुलीचं नाव वाचलं, पेंढारी वाचले, बैल वाचले. आम्ही टोप्या काढल्या. आजी, तिकडे पट चालू असेल आणि मी इथे त्याच्या नावाने बोडक्या डोक्याने उभा. साहेबाने मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं, माझं गाव म्हणून.

मान गेला असेल. माझ्यामुळे गेला. तू बोल काय ते.

———

भातकुली, माघ वद्य नवमी

सहदेवा, आधी बोलून घेते, मग सांगते.

तुझं येतो म्हणून लिहिलेलं पत्र अष्टमीला आलं होतं. डाक उलटी पळवायला मला येत नाही, तू निघून चुकला होतास. म्हटलं पट नाही तर नाही, पोट्टा तर येतो. कोणाला सांगू नको म्हणालास म्हणून सांगितलं नाही. दशमीला रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. नत्थुजी विचारतो, “आज काहून एवढं?” मी म्हटलं, देवीची पूजा आहे. दुपार झाली. मग इनायतुल्ला आला आणि हसत हसत सगळं सांगायला लागला, आणि माझ्या तोंडाकडे बघून मधेच थांबला. रोडगे त्यालाच दिले. तूप जरा जास्तच वाढलं गेलं.

तू हिशेबाने परत गेलास. बरोबर हिशेब होता. मला तो अजून आवडत नाही.

आता पट. पंधराला सगळं गाव मैदानात. आपली जोडी जुंपलेली आणि धुरेवर कोणी नाही. नत्थुजी पुढे झाला तर बैलांनी आधीच तुरीकडे बघितलं. पंच म्हणाले, तिसरा पट, जोडी पळाली नाही, मान ओट्यावर. चिठ्ठ्या करायला वामनरावांनी कागदही फाडला.

तेव्हा पंजाबराव आपल्या छकड्यावरून उतरला. स्वतःची जोडी लेकाच्या, खुशालच्या हाती दिली आणि सरळ येऊन आपल्या हरण्या-गेंद्याच्या धुरेवर बसला. लोक म्हणायला लागले, “अगा, हे का करून राह्यला?” तो म्हणाला, “चिठ्ठीतला मान मले नाई पायजे. जोडी उतरली पायजे ना? उतरवतो मी. हरवन माहा पोरगा.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काकू, मी मुद्दाम मागं वढीन असं वाटत असन तं आताच सांगा.”

मी म्हटलं, “तू मुद्दाम कर की चुकून, मी कोनाले सांगनार नाई. फक्त हरण्याले डाव्या अंगानं थोपट.”

झेंडा पडला. पहिल्या पन्नास पावलांपर्यंत तो शहाण्यासारखा बसला होता. मग खुशालची जोडी अर्ध्या हाताने पुढे गेली आणि ह्या माणसाचं काय झालं देव जाणे. उभाच राहिला धुरेवर! पागोटं उडालं. स्वतःच्या पोराला बाजूने शिव्या देत, आपल्या हरण्या-गेंद्याला नावाने पुकारत, स्वतःच्याच बैलांना मागे टाकून तो शेवटची दोरी तोडून पुढे गेला, आणि तिथे हात वर करून नाचला. नाचता नाचता त्याला आठवलं. हात वरच राहिले.

सहदेवा, मी एवढी हसले की शेजारच्या वच्छला काकीला वाटलं मला काही झालं.

संध्याकाळी आला, ताक पिऊन बसला.  मग म्हणाला, “काकू, हातात कासरा आला की मले हरता येत नाई. माही चूक झाली.” मी म्हटलं, चूक कसली, पुढच्या हंगामात गावच्या बंड्यांपुढे आपली बंडी निघेल तेव्हा धुरेवर तूच बस. तो लाजला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस लाजला की फार वाईट दिसतो.

मान राहिला. तुझ्यामुळे गेला नाही आणि तुझ्यामुळे राहिलाही नाही.

एक गोष्ट सांगते. बैल तुझ्याशिवाय पळत नाहीत, हे मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. परवा ते दुसऱ्याच्या हाताखाली असे पळाले की मला आनंद झाला, आणि घरी आल्यावर थोडं वाईट वाटलं. आता तुला बोलवायला माझ्याकडे पट उरला नाही, मान उरला नाही, पेंढारी उरले नाहीत. वामनराव विचारतात, मग कोणतं कारण लिहू. काही लिहू नका म्हटलं.

साहेब सोडेल त्या दिवशी ये. त्याच्या कागदावर काही असो नसो. शिवेवर थांबू नको, आत ये. तो कोणता दिवस होता ते मी पाठ करून ठेवीन.